नामशेष म्हणतात, पण तुमच्या मते कोणता प्राणी अजून आहे?

सागरगोटा

गेल्या महिन्यात एका संग्रहालयात सीलाकँथ मासा पाहिला. द्रावणात बुडवून काचेच्या लांबलचक पेटीत ठेवलेला. उभा केला तर माझ्या खांद्याला लागेल एवढा. जिवंतपणी तो गडद निळा असतो, पेटीतला पार तपकिरी पडला होता. अंगावरचे पांढरट ठिपके मात्र अजून ओळखू येत होते. मी बराच वेळ त्याच्या परांकडे बघत राहिले. एरवी माशाचे पर थेट अंगातून फुटतात. याचे पर आखूड, मांसल दांड्यांवर बसवलेले, अगदी तान्ह्या बाळाच्या हातांसारखे. आणि शेपटीच्या मधोमध आणखी एक चिमुकली शेपटी.

बहुतेकांना गोष्ट ठाऊक असेल, तरी सांगते. डायनोसॉरांबरोबर, म्हणजे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी, हा मासा संपला असं सगळे धरून चालले होते. २२ डिसेंबर १९३८ ला दक्षिण आफ्रिकेतल्या ईस्ट लंडन बंदरात एका ट्रॉलरने आणलेल्या माशांच्या ढिगात तिथल्या संग्रहालयाच्या तरुण क्युरेटर मार्जोरी कोर्टने-लॅटिमर यांना तो दिसला. टॅक्सीवाला हे धूड गाडीत घ्यायला तयार होईना. ऐन उन्हाळा, मासा कुजायला लागलेला. शवागाराने नाही म्हटलं, शीतगृहानेही नाही म्हटलं. शेवटी फॉर्मॅलिनमध्ये भिजवलेल्या कागदांत आणि चादरीत तो गुंडाळला, आणि एक चित्र काढून जे. एल. बी. स्मिथ या माशांच्या अभ्यासकाला पाठवलं. स्मिथ येईपर्यंत आतले अवयव टाकून द्यावे लागले होते. दुसरा मासा मिळायला १४ वर्षं लागली: १९५२, कोमोरो बेटं. आणि तिथल्या कोळ्यांकडे त्याला आधीपासून नाव होतं, गोंबेसा!

त्या पेटीसमोर उभी असताना एकच विचार डोक्यात घोळत होता. मार्जोरीबाई त्या दिवशी बंदरावर गेल्या नसत्या तर?

तर प्रश्न असा. दंतकथेतला असो किंवा नामशेष ठरवलेला, कोणता प्राणी आजही कुठेतरी असेल असं तुम्हाला मनापासून वाटतं? एकच सांगा आणि का वाटतं ते सांगा. नुसतं ‘असेल बुवा’ नको.

काजवा

थायलसिन! टास्मानियन वाघ! १९३३ सालची ती कृष्णधवल फीत मी शंभरदा पाहिली असेन. पिंजऱ्यात येरझाऱ्या घालतो, मध्येच बसतो, जबडा केवढा उघडतो. पाठीवर पट्टे, पोटाला पिशवी, अंगाने कुत्र्यासारखा. ७ सप्टेंबर १९३६ ला टास्मानिया बेटावरच्या होबार्टच्या प्राणिसंग्रहालयात शेवटचा मेला असं म्हणतात. शेवटचा ‘पिंजऱ्यातला’ मेला एवढंच आपल्याला माहीत आहे ना?

शाईचा_डाग

वा, मस्त धागा. बसतो इथेच.

पंतोजी

काजवा, तुमचा उत्साह आवडला, पण थोडं गणित करू. एक थायलसिन ९० वर्षं जगणार नाही. तो आज असायचा तर मधल्या काळात निदान दहा-पंधरा पिढ्या जन्माला यायला हव्यात. म्हणजे प्रत्येक वेळी नर, मादी, पिल्लं, त्यांचं खाणं, त्यांची हाडं. टास्मानियात गाड्यांखाली रानटी प्राणी एवढे मरतात की ते बेट त्यासाठी कुप्रसिद्ध आहे. इतक्या वर्षांत एकही थायलसिन कुणाच्या चाकाखाली येऊ नये?

‘दिसला नाही म्हणजे नाहीच असं नव्हे’ हे वाक्य खरं आहे, पण अर्धंच. कुठे शोधलं, किती शोधलं, शोधणाऱ्याला तो दिसायची शक्यता किती होती, हे सगळं धरल्यावर ‘दिसला नाही’ याला वजन येतं. डोडोचं उदाहरण घ्या. त्याची खात्रीची शेवटची नोंद १६६२ ची. २००३ मध्ये रॉबर्ट्स आणि सोलो या अभ्यासकांनी जुन्या नोंदींमधली अंतरं कशी वाढत गेली यावरून हिशोब मांडला, तर डोडो साधारण १६९० पर्यंत तग धरून असावा असं निघालं. शेवटची भेट आणि शेवटचा श्वास यांत अंतर असतं हे मला मान्य आहे. पण ते अंतर मोजता येतं आणि कुठेतरी संपतं.

काजवा

पंतोजी सर, मग १९८२ चं काय? हान्स नार्डिंग हा वन्यजीवांवर काम करणारा माणूस. टास्मानियाच्या वायव्येला गाडीत झोपला होता, रात्री दोनला जाग आली, पाऊस पडत होता. प्रकाशझोत फिरवला तर सहा-सात मीटरवर प्राणी उभा. त्याने १२ पट्टे मोजले. मोजले! हा काही जत्रेतला बघ्या नव्हता.

पंतोजी

तो खोटं बोलला असं मी म्हणणार नाही, तसं मला वाटतही नाही. पण त्यानंतर त्या भागात बराच काळ पद्धतशीर शोध झाला. केस नाही, विष्ठा नाही, ठसा नाही. प्रामाणिक माणसाने पाहिलेलं आणि जगाला दाखवता येणारं या दोन वेगळ्या गोष्टी. मला पहिलीचा आदर आहे, पण निर्णय दुसरीवर होतो.

उनाडपक्षी

पंतोजींच्या ‘पिढ्या हव्यात, संख्या हवी’ या मुद्द्याला एक चिमुकलं उत्तर आहे. चिमुकलं म्हणजे तळहाताएवढं.

ऑस्ट्रेलियाच्या पूर्वेला लॉर्ड हाव बेट. तिथे एक काळा, जाडजूड, बिनपंखी काडीकिडा होता. १९१८ मध्ये एक जहाज किनाऱ्यावर रुतलं, त्यातून उंदीर बेटावर उतरले, आणि दोनेक वर्षांत किडा नाहीसा. तिथून जवळपास २३ किलोमीटरवर समुद्रातून सरळ वर आलेला एक सुळका आहे, बॉल्स पिरॅमिड, साडेपाचशे मीटरहून उंच, जवळजवळ उघडाबोडका. २००१ मध्ये काही अभ्यासक त्यावर चढले. एका फटीत वाढलेल्या झुडपाखाली त्यांना दिवसा मोठ्या किड्याची ताजी विष्ठा दिसली. हा किडा निशाचर, म्हणून त्यांच्यातले दोघे अंधार पडल्यावर विजेरी घेऊन पुन्हा तोच कडा चढले. झुडपावर किडे होते. नंतर मोजणी झाली तेव्हा सगळे मिळून २४.

ऐंशी वर्षं ती अख्खी प्रजाती जवळजवळ एका झुडपाच्या आधाराने जगली. पुढे जुन्या संग्रहातल्या नमुन्यांशी डीएनए ताडून पाहिला, तोच किडा निघाला. हे वाचलं त्या रात्री मला झोप आली नव्हती.

पंतोजी

उनाडपक्षी, हे उदाहरण मी बिनशर्त मान्य करतो. फक्त किड्याला झुडूप पुरतं, थायलसिनला पुरणार नाही.

रानवाटा

शोधणाऱ्यांच्या बाजूने थोडं लिहिते. दोन हंगाम मी कॅमेरा ट्रॅपच्या कामात स्वयंसेवक होते. लोकांना वाटतं कॅमेरा लावला की जंगल फोटो काढून देतं.

एका कॅमेऱ्याचं कार्ड २२ दिवसांनी काढलं. चार हजारांवर फोटो. त्यातले पहिले दीड हजार एकाच गवताच्या पात्याचे. सेन्सर उष्णता आणि हालचाल ओळखतो. उन्हाने तापलेलं पातं वाऱ्यावर डोललं की त्याला वाटतं कुणीतरी गेलं. कॅमेरा लावताना ते पातं मीच उपटायला हवं होतं. मग गुरं, मग माकडं, मग एका कोळ्याने भिंगावरच घर बांधलं ते चार दिवस. आणि मग एका रात्री २:४० ला तीन फोटो. पहिल्यात एक कान, दुसऱ्यात धडाचा मधला भाग, तिसऱ्यात शेपटीचं टोक.

रानमांजर की वाघाटी, यावर आम्ही चौघं दीड तास भांडलो. फोटो मोठा कर, उजेड वाढव, मागच्या दगडाची उंची मोजून आण. शेवटी शेपटीच्या टोकावरची काळी कडी दिसली आणि रानमांजर ठरलं.

आता विचार करा. रानमांजर हा रोज दिसणारा प्राणी, आणि समोर चार अनुभवी माणसं. तरी दीड तास. त्या तीन फोटोंत ‘नामशेष’ यादीतला प्राणी असता तर आम्ही काय म्हटलं असतं? माझा अंदाज, आम्ही त्याला रानमांजरच म्हटलं असतं आणि पुढचा फोटो उघडला असता. डोळ्यांना जे माहीत असतं तेच डोळे आधी शोधतात. नार्डिंगसारख्यांची चूक होऊ शकते हे खरंच, पण चूक उलट बाजूनेही होते आणि तिची नोंद कुठेच राहत नाही.

शाईचा_डाग

शेवटचं वाक्य वाचून थांबलो. हे कधी डोक्यातच आलं नव्हतं.

अनवट

यतीचा विषय कुणीच काढला नाही म्हणून मी काढतो.

काही वर्षांपूर्वी बर्फातल्या एका वाटेवर पहाटे निघालो होतो. उजाडताना एका उतारावर ठसे लागले. पाच बोटं, बोटांपुढे नखांचे टोचे, कडा अशा धारदार की साच्यातून काढाव्यात. सोबतचा वाटाड्या एकच शब्द बोलला, ‘भालू’. मी बर्फाची कुऱ्हाड शेजारी ठेवून फोटो काढला. दुपारी दोनच्या सुमारास त्याच वाटेने परतलो. उन्हाने ठशांच्या कडा वितळून बाहेर सरकल्या होत्या, नखं पुसली गेली होती. मागचा पाय पुढच्याच्या खुणेवर पडलेला, त्यामुळे दोन ठसे मिळून एक लांबलचक पाऊल झालं होतं. कुऱ्हाड पुन्हा तिथेच ठेवून फोटो काढला. दोन्ही फोटो शेजारी ठेवले तर एक अस्वलाचा आणि एक यतीचा दिसतो.

१९५१ मध्ये एरिक शिप्टन यांनी मेन्लुंग हिमनदीवर काढलेला तो जगप्रसिद्ध फोटो आठवा, त्यातही ठशाशेजारी कुऱ्हाड आहे. शिप्टननी पाहिलेला ठसा किती वेळापूर्वीचा होता हे आज कोण सांगणार? १९६०-६१ च्या हिलरींच्या मोहिमेत खुमजुंगच्या मठातली ‘यतीची टाळू’ तपासायला नेली, ती सेराव या बकरीसारख्या प्राण्याच्या कातड्याची निघाली. २०१७ मध्ये यतीचे म्हणून जपलेले नऊ नमुने डीएनए लावून तपासले. आठ अस्वलांचे, एक कुत्र्याचा. त्यातून हिमालयातल्या अस्वलांची वंशावळ मात्र नीट उलगडली, आणि ती तपकिरी अस्वलं स्वतःच फार थोडी उरली आहेत. माझ्यासाठी यती तिथेच आहे. त्याला अस्वल म्हटल्याने तो छोटा होत नाही.

उनाडपक्षी

अनवट, माझ्या सहा वर्षांच्या मुलीला वाचून दाखवलं. ती म्हणाली, ‘यती लाजाळू आहे, म्हणून अस्वलाचे बूट घालतो.’ 😄

अनवट

तिला सांगा, एवढा पटणारा खुलासा मला आजवर कुणी दिला नव्हता.

मंदाक्रांता

धाग्यात ‘दंतकथेतला’ असाही शब्द आहे, म्हणून माझे चार शब्द.

दंतकथेतले प्राणी सगळे एका जातीचे नसतात. शरभ घ्या, गंडभेरुंड घ्या. गडाच्या दरवाजावर चार पायांत हत्ती पकडून उभा असलेला शरभ कुणीतरी रानात पाहून कोरलेला नाही. तो सामर्थ्याची खूण म्हणून घडवला गेला. त्याला शोधायला जंगलात जाऊ नये, तो दगडातच राहतो आणि तिथेच शोभतो. मकर थोडा वेगळा: सोंड हत्तीची, पण जबड्यात आणि अंगात मगर ओळखू येते. पाहिलेल्यावर कल्पना चढवलेली.

आणि तिसरे, जे खरंच कुणीतरी पाहिले होते पण धड सांगता आले नाहीत. क्राकेन! जहाजाला मिठी मारणारा अक्राळविक्राळ प्राणी. १८५७ मध्ये स्टीनस्ट्रुप या डॅनिश अभ्यासकाने किनाऱ्याला लागलेल्या चोचीवरून ठरवलं की हा महाकाय माकूळ, म्हणजे स्क्विड आहे, आणि त्याला आर्किट्युथिस नाव दिलं. १८६१ मध्ये आलेक्तों या फ्रेंच जहाजाला टेनेरिफजवळ तो पाण्यावर दिसला. खलाशांनी दोर टाकून ओढला तर दोर मांसात रुतत गेला आणि हाती फक्त शेपटाकडचा तुकडा आला. खोल समुद्रातल्या जिवंत माकुळाचे पहिले फोटो मिळाले कधी, तर सप्टेंबर २००४ मध्ये! त्सुनेमी कुबोदेरा यांनी जपानच्या ओगासावारा बेटांजवळ ९०० मीटर खोलीवर आमिष आणि कॅमेरा सोडला होता. माकूळ आमिषाच्या गळाला अडकला, चार तासांहून जास्त धडपडला आणि साडेपाच मीटर लांबीची एक सोंड तोडून निघून गेला. वर ओढली तेव्हा ती सोंड अजून वळवळत होती.

तेव्हा ‘ती नुसती दंतकथा आहे’ असं कुणी म्हटलं की मी विचारते, तिन्हींतली कुठली?

पंतोजी

मंदाक्रांताताई, ही विभागणी फार कामाची आहे. स्कॉटलंडमधल्या लॉख नेस तळ्यातला प्राणी यांपैकी कशात बसवायचा? ते तळं हिमयुगात बर्फाने भरलेलं होतं, दहाएक हजार वर्षांपूर्वी मोकळं झालं. कोट्यवधी वर्षांपूर्वीचा सागरी सरपटणारा प्राणी तिथे टिकून राहणं शक्य नाही. १९३४ चा तो लांब मानेचा फोटो खेळण्यातल्या पाणबुडीला मान चिकटवून केला होता हे १९९४ मध्ये उघड झालं. २०१८ मध्ये न्यूझीलंडच्या नील गेमेल यांच्या गटाने तळ्यातल्या पाण्याचे सुमारे २५० नमुने घेऊन त्यात सुटलेला डीएनए तपासला. सरपटणाऱ्या प्राण्याचा मागमूस नाही. ईल माशांचा मात्र जवळजवळ प्रत्येक ठिकाणी, आणि भरपूर.

काजवा

पाण्यातून डीएनए? म्हणजे प्राणी न बघता तो होता हे कळतं?

रानवाटा

हो. प्रत्येक जीव त्वचेचे कण, विष्ठा, लाळ मागे सोडत असतो. पाणी गाळायचं, गाळणीवर राहिलेला डीएनए वाचायचा आणि माहीत असलेल्या यादीशी ताडून बघायचा. अडचण अशी की तो काही दिवस-आठवड्यांत विरून जातो, आणि यादीत नसलेल्या प्राण्याचा तुकडा मिळाला तर ‘याच्या जवळपासचा कुणीतरी’ एवढंच कळतं.

पिंपळपान

उशिरा आलो, पण माझा पक्षी अजून कुणी घेतला नाही हे पाहून बरं वाटलं. रानपिंगळा.

१८७३ मध्ये ह्यूम या पक्षी अभ्यासकाने त्याचं वर्णन केलं. १८८४ पर्यंत जेमतेम सात नमुने मिळाले, त्यानंतर काहीच नाही. म्हणजे एकच अपवाद: कर्नल माइनर्टझागेन यांनी १९१४ मध्ये गुजरातमधल्या मांडवीला मिळवला असं सांगितलेला नमुना. पुढच्या लोकांनी त्या नोंदीवर विश्वास ठेवून शोध घेतला, पक्षी मिळाला नाही. नव्वदच्या दशकात पक्षी अभ्यासक पामेला रासमुसेन यांनी माइनर्टझागेनच्या संग्रहाची झडती घेतली. क्ष-किरणांखाली पाहिलं, आतला कापूस, शिवण तपासली. तो नमुना मुळात जेम्स डेव्हिडसन यांनी एकोणिसाव्या शतकात मिळवलेला होता. कर्नलसाहेबांनी तो ब्रिटिश संग्रहालयातून उचलला, उसवला, पुन्हा भरला आणि स्वतःच्या नावाची चिठ्ठी बांधली.

एका चोरीमुळे माणसं चुकीच्या जागी शोधत राहिली! रासमुसेन यांनी ती नोंद रद्द धरली आणि बेन किंग व डेव्हिड ॲबट यांच्यासोबत खऱ्या नमुन्यांच्या जागा धरून शोध सुरू केला. २५ नोव्हेंबर १९९७ ला सकाळी, शहाद्याजवळच्या जंगलात, एका निष्पर्ण झाडावर रानपिंगळा उजेडात बसलेला होता. ११३ वर्षांनी.

पुढे कित्येक वर्षांनी मी तो पाहिला. आधी वाटलं साधा पिंगळाच. मग त्याने मान वळवली. डोक्यावर ठिपक्यांची गर्दी नाही, पोट पांढरंशुभ्र, आणि शेपटी सारखी डावी-उजवी झटकत होता, जणू कुणाची वाट बघून कंटाळलाय. दुर्बीण हातात धरवेना. सोबतचा गावातला माणूस शांतपणे म्हणाला, ‘हा तर रोज बसतो इथं.’

काजवा

‘हा तर रोज बसतो इथं’!!! पंतोजी सर, हेच म्हणायचं होतं मला. गोंबेसा कोळ्यांना माहीत होता. ओकापी काँगोतल्या जंगलात राहणाऱ्यांना माहीत होता, आपल्याला कळला १९०१ मध्ये. मग ‘नामशेष’ म्हणजे नेमकं कुणाला न दिसलेला?

पिंपळपान

यात जेर्डनचा धाविकही जोडा. १९०० नंतर नोंद नाही. १९८६ मध्ये भारत भूषण यांनी तो आंध्रातल्या कडप्प्याकडे पुन्हा शोधला. तो सापडला कारण पक्षी धरणाऱ्या स्थानिक लोकांना चित्र दाखवून विचारलं होतं. त्यांच्याकडे त्याचं नाव तयार होतं, कलिवि कोडी.

पंतोजी

काजवा, प्रश्न चांगला आहे आणि मी तो टाळणार नाही. स्थानिकांना विचारायलाच हवं, सगळ्यांत आधी. पण ओकापीची गोष्ट पूर्ण सांगतो. स्थानिकांचं वर्णन आणि पट्टेदार कातड्याचे तुकडे मिळाल्यावर लंडनच्या पंडितांनी त्याला घोड्याच्या कुळात टाकलं. कवटी हाती आल्यावर तो जिराफाचा भाऊबंद ठरला. पाहणारे बरोबर होते, अर्थ लावणारे चुकले. म्हणून मला कवटी हवी असते. सांगणाऱ्यावर अविश्वास म्हणून नव्हे, माझ्यासारख्यांच्या अर्थ लावण्यावर अविश्वास म्हणून.

काजवा

पटलं सर. हे मनापासून लिहितोय.

शाईचा_डाग

थोडं अवांतर. आता तर मेलेले परत आणायची भाषा चालू आहे ना? २०२५ मध्ये ‘डायर वुल्फ’ परत आणल्याची बातमी होती. मग शोधायचं कशाला?

रानवाटा

ते राखाडी लांडगे आहेत, १४ जनुकांत २० बदल केलेले. देखणी पिल्लं आहेत, विज्ञानही अवघड आहे, पण डायर वुल्फ हिमयुगात संपला तो संपलाच. मला या बातमीची भीती वेगळीच वाटते. ‘गेला तर परत आणू’ असं एकदा डोक्यात बसलं की असलेल्याला जपायची घाई कुणाला राहील?

सागरगोटा

तुम्ही सगळ्यांनी धागा कुठल्या कुठे नेलात! रानवाटाच्या मुद्द्याला जोडून एक गोष्ट.

फिलिपिन्समधल्या सेबू बेटावर एक चिमणीहून लहान पक्षी आहे, सेबू फ्लॉवरपेकर. बेटावरचं जंगल संपलं, तेव्हा पक्षीही संपला असं गृहीत धरलं गेलं. मग उरलेले जंगलाचे चार तुकडे वाचवायचं कारणच राहिलं नाही. १९९२ मध्ये तो पक्षी पुन्हा दिसला. पक्षी अभ्यासक नायजेल कॉलर यांनी याला ‘रोमिओची चूक’ म्हटलं: ज्युलिएट मेली असं समजून रोमिओ विष पितो, आणि मग ती खरंच मरते. आपण आशा सोडतो आणि त्यानेच तो प्राणी मरतो.

उलटही घडतं. थायलसिनला कायद्याचं संरक्षण मिळालं शेवटच्याच्या मृत्यूच्या फक्त ५९ दिवस आधी. त्याआधी १८८८ ते १९०९ सरकार त्याला मारण्याचं बक्षीस देत होतं, दोन हजारांवर बक्षिसं वाटली. ‘अजून असतील रानात’ असंच तेव्हाही सगळे म्हणत असणार. आणि त्या शेवटच्या मादीचे अवशेष? हरवले असं ८० वर्षं मानलं गेलं, डिसेंबर २०२२ मध्ये ते होबार्टच्या संग्रहालयाच्याच कपाटात असल्याचं जाहीर झालं. घरातलंच सापडत नव्हतं!

असो. मी स्वतः अजून उत्तर दिलं नाही. माझं उत्तर साओला, गाईबैलांच्या कुळातला एक रानटी प्राणी. १९९२ मध्ये व्हिएतनाममधल्या शिकाऱ्यांच्या घरी टांगलेल्या लांब, सरळ शिंगांवरून तो जगाला कळला. आजवर एकाही जीवशास्त्रज्ञाने त्याला रानात मोकळा पाहिलेला नाही. कॅमेऱ्यातला शेवटचा फोटो २०१३ चा. कुणी त्याला नामशेष म्हटलेलं नाही, पण मला तो आत्ता, या क्षणी, सीलाकँथच्या पेटीच्या दिशेने चाललेला दिसतो. तो आहे असं मला वाटतं, कारण तो राहतो त्या अनामाइट डोंगरात शिकाऱ्यांनी लावलेले फासे अजून हजारोंनी काढले जातायत आणि जंगलाचे कोपरे अजून बघायचे राहिलेत. पंतोजी, तुम्ही सगळ्यांना तपासलंत, आता तुमचं नाव सांगा. एक तरी.

पंतोजी

विचारलंत म्हणून सांगतो. हिमालयीन लावा.

मसुरी आणि नैनीतालच्या आसपास मिळालेले दहाएक नमुने, शेवटचा १८७६ चा. त्यानंतर खात्रीची नोंद नाही. तरी मी याच्या बाजूने का? कारण हा पक्षी उंच गवताच्या खड्या उतारांवर राहतो आणि जवळजवळ अंगावर पाय पडेपर्यंत उडत नाही, असं तेव्हाच्या लोकांनी लिहून ठेवलंय. म्हणजे मी वर म्हटलं ती ‘शोधणाऱ्याला दिसायची शक्यता’ इथे अतिशय कमी. नुसत्या चालत जाणाऱ्याला तो दिसणारच नाही. थायलसिनला मी शंभरात एकही द्यायला तयार नाही, लाव्याला दहात एक देईन. १९९५ च्या सुमाराला मी स्वतः एका अशा उतारावर तासभर नुसता बसलो होतो, कान देऊन. गवताशिवाय काही ऐकू आलं नाही. पण बसलो होतो.

काजवा

सर!!! ❤️

रानवाटा

पंतोजींच्या या पोस्टनंतर माझं उत्तर. निसर्गपट करणाऱ्या ॲटनबरो यांच्या नावाचा लांब चोचीचा एकिडना. काटेरी अंग, अंडी घालणारा सस्तन प्राणी. १९६१ मध्ये एक नमुना मिळाला, इंडोनेशियातल्या पापुआतल्या सायक्लोप्स डोंगरात, आणि मग एकही नाही. २०२३ च्या मोहिमेत ८० च्या वर कॅमेरे लावले. चार आठवडे उलटले, एकिडनाचा पत्ता नाही. शेवटच्या दिवशी, शेवटच्या कार्डावर, अगदी शेवटच्या फोटोंत तो चालत जाताना सापडला. गवताची दीड हजार पाती पाहिलेल्या माणसाला विचारा त्या क्षणी त्यांना काय झालं असेल.

तिथल्या योंगसू सापारी गावातली एक रीत मोहिमेच्या लोकांनी सांगितली आहे. दोघांचं भांडण झालं की भर सभेत वाद घालत बसायचं नाही. एकाला डोंगरात एकिडना शोधायला पाठवायचं, दुसऱ्याला समुद्रात मार्लिन मासा. दोन्ही इतके दुर्मिळ की शोधायला कित्येक वर्षं, कधी पिढी जाते. सापडले की भांडण मिटलं.

मंदाक्रांता

मग पंतोजी आणि काजवा, थायलसिनचं राहिलंय तुमच्यात. एकाने डोंगरात जा, एकाने समुद्रात.

पंतोजी

मी डोंगरात जातो, वाटेत लाव्याचाही उतार लागेल. काजवा, पोहता येतं ना?

काजवा

येतं सर. आणि दुर्बीणही आहे. निघायचं कधी ते फक्त सांगा.